तोंडाकडे नको, हाताकडे बघा

वाचकाचं पत्र:

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर शुक्रवारी रात्री देशासाठी प्रार्थना होते. सोळा वर्षं मी ती चालवतोय. देशाची अवस्था तुम्हाला वेगळी सांगायला नको. महागाई, लाचखोरी, माणसामाणसांत लावून दिलेली भांडणं, आणि खोटं बोलायची कुणाला लाज उरलेली नाही. गेल्या निवडणुकीपासून आमच्या गटात उभी फूट पडली आहे. काही जण म्हणतात, आत्ताचा नेता देवानेच नेमलाय, त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे अभिषिक्तावर, देवाने निवडलेल्यावर, हात टाकणं. बाकीचे म्हणतात, हा तर देवाचा कोप आहे. शुक्रवारी आता प्रार्थना कमी आणि वादच जास्त होतो.

माझा मुलगा हिशेब तपासनीस आहे. मागच्या महिन्यात जेवताना तो म्हणाला, "बाबा, सोळा वर्षं तुम्ही गुडघे टेकताय. चोर बदलले, चोरी तीच आहे." तेव्हापासून तो मंडळीत येत नाही. मी गप्पच बसलो, कारण मला उत्तर सुचलं नाही. त्यातच मंडळीच्या कमिटीचं सचिवपद मी घ्यावं म्हणून आग्रह चाललाय. तिथेही जुन्या हिशेबांवरून कुजबुज आहे. मला त्या चिखलात उतरायचं नाही.

देवभीरू नेता ओळखायचा कसा? आणि असल्या दिवसांत विश्वास धरायचा तो कशावर?

– एक थकलेला भाऊ

प्रिय भाऊ,

सप्रेम सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमच्या मुलाच्या त्या वाक्यापाशी अडखळले. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तो रागावलाय हे खरं, पण त्याने सोळा वर्षं मोजली आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का? ज्याला देवाकडून कसलीच अपेक्षा नाही, तो वर्षं मोजत बसत नाही. हबक्कूक संदेष्ट्याचं छोटंसं पुस्तक उघडा. पहिल्याच ओळींत तो देवाला जाब विचारतो: मी ओरडतोय, तू ऐकणार तरी कधी? डोळ्यांदेखत जुलूम चाललाय, न्याय वाकडा झालाय, आणि तू नुसता बघतोस? हा प्रश्न संदेष्ट्याचा आहे आणि शास्त्राने तो जसाच्या तसा जपून ठेवलाय. तेव्हा मुलाला "असं बोलू नये" म्हणाला नाहीत, गप्प बसलात, ते फार बरं केलंत. पण आता ते गप्प राहणं लांबवू नका. आज रात्रीच त्याला सांगा की तुझं म्हणणं मला पटलं, चोरी तीच आहे. बापाच्या तोंडून एवढं ऐकायला तो कितीतरी दिवस थांबला असेल.

आता तुमच्या गटातला वाद. "देवाने नेमलेला" या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. एखाद्याला देव वापरतो ही एक गोष्ट. तो माणूस देवाच्या मनासारखा असतो ही दुसरी. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात पारसाचा राजा कोरेश याला देव "माझा अभिषिक्त" म्हणतो आणि त्याच दमात म्हणतो की तू तर मला ओळखतही नाहीस. यिर्मयाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला देव "माझा सेवक" म्हणतो. हाच नबुखद्नेस्सर यरुशलेम जाळतो, मंदिर लुटतो. देवाने त्याला वापरलं म्हणून त्याच्या हातून झालेला जुलूम धुतला जात नाही. पुढे बाबेललाही जाब द्यावा लागलाच. म्हणजे तुमच्या गटातली दोन्ही बाजूंची माणसं एका अर्थी एकच चूक करताहेत. देवाच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलंय, असं दोघांनीही गृहीत धरलंय.

आणि अभिषिक्तावर हात टाकू नये, हे दावीद म्हणाला ते कधी, ते तरी वाचून बघा. दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत एकटा सापडला. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, जीव घेतला नाही, आणि काठ कापल्याचंही त्याच्या मनाला लागलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. शौल बाहेर पडल्यावर दावीद गुहेतून बाहेर आला, जमिनीपर्यंत वाकला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने राजाला विचारलं की लोकांच्या चुगल्या ऐकून माझ्या जिवावर का उठलायस? परमेश्वरच तुझा-माझा न्याय करो. मानही राखला आणि जाबही विचारला, तोही मोठ्या आवाजात. तुमच्या गटात वचनाचा पहिला अर्धा भागच फिरतोय, दुसरा भाग कुणी वाचतच नाही. रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायाचंही असंच होतं. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असं लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पै शहरात कसा वागला? चौकशी न करता फटके मारून त्याला आणि त्याचा सोबती सीला याला तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता चोरून घालवता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. आणि त्यांना यावं लागलं.

मग देवभीरू नेता ओळखायचा कसा? माझं उत्तर मी अनेक वर्षांच्या वाचनातून आणि एका मोठ्या चुकीतून कमावलंय. नेत्याच्या तोंडाकडे बघू नका. त्याचे हात काय घेतात ते बघा.

जुना करार "घेणं" या एका क्रियापदावर किती भर देतो ते बघून मी दरवेळी थबकते. इस्राएलाचे वडीलजन शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागायला आले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. शमुवेलाचे स्वतःचेच मुलगे लाच खात होते, न्याय विकत होते. तेव्हा शमुवेलाने राजा कसा असतो ते त्यांना सांगितलं. तो तुमची मुलं घेईल, रथांपुढे पळवील. तुमच्या मुली घेईल, स्वयंपाकाला लावील. चांगली शेतं घेईल, द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, गाढवं घेईल. घेईल, घेईल, घेईल. हा उतारा कधी मोठ्याने वाचून बघा, अंगावर काटा येतो. पुढे म्हातारपणी हाच शमुवेल सगळ्या लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं: मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? सांगा, परत करतो. लोक म्हणाले, तू काहीच घेतलं नाहीस. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर त्याने लोकांपुढे हिशेब मांडला तो एवढाच.

नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेली गोष्टही घेण्याचीच आहे. श्रीमंताकडे कळपच्या कळप, आणि गरिबाकडे एकच मेंढी. त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, लेकीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने ती उचलून नेली. राजा अहाबाने नाबोथाचा मळा घेतला, तेव्हा एलीया संदेष्ट्याने त्याला नेमकं हेच विचारलं की खून केलास आणि वर ताबाही घेतलास का? "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी जो नियम आहे, त्यात त्याने पुष्कळ घोडे, पुष्कळ बायका, पुष्कळ सोनं-रुपं साठवायचं नाही, असं आहे. त्याने करायचं काय, तर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून काढायची, ती रोज वाचायची, आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा मन उंच होऊ द्यायचं नाही.

यिर्मयाचा बाविसावा अध्याय तर मी प्रत्येक मतदाराच्या हातात द्यावा असं मला वाटतं. राजा यहोयाकीम महाल बांधत होता. ऐसपैस माड्या, मोठाल्या खिडक्या, गंधसरूच्या फळ्या, त्यांवर हिंगुळाचा तांबडा रंग. आणि राबणाऱ्या मजुरांना मजुरी नाही. यिर्मया त्याला म्हणतो, गंधसरूत दुसऱ्याच्या वरचढ झालास म्हणून तू राजा झालास का? तुझा बापही खात-पीत होता की! पण तो न्यायाने वागला. गरिबाचा, लाचाराचा कज्जा त्याने चालवला, आणि त्याचं भलं झालं. पुढे परमेश्वर विचारतो: मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय? इथे देवाने देवभक्तीची ओळख स्वतः सांगितली आहे. ज्या बापाबद्दल, म्हणजे योशीयाबद्दल, हे म्हटलंय, त्याने मंदिर दुरुस्त केलं, मूर्ती फोडल्या, वल्हांडण सण पाळला. यातलं काहीच देव इथे मोजत नाही. गरिबाचा कज्जा मोजतो. या बाप-लेकाच्या वागणुकीकडे नीट बघा. नियमशास्त्राचं वचन ऐकून बापाने आपले कपडे फाडले, आणि लेकाने शेगडीपाशी बसून यिर्मयाची गुंडाळी, चिटणिसाच्या चाकूने तीन-चार रकाने कापत, विस्तवात टाकली. नकोसं सत्य समोर आलं की माणूस त्याचं काय करतो, तेही हातावरूनच कळतं.

माझी चूकही सांगते. खूप वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या कमिटीत होते. आमचे अध्यक्ष इतकी सुंदर प्रार्थना करायचे की डोळ्यांना पाणी यायचं. वार्षिक हिशेब मात्र दरवर्षी "पुढच्या सभेत" असायचा. एकदा वही माझ्या हाती आली, तेव्हा विधवा-निधीच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेले आकडे खोडून पुन्हा लिहिलेले होते, कागद घासून पातळ झाला होता. मी बोट फिरवलं तर ते जाणवत होतं. तरी मी वही मिटली. इतकी चांगली प्रार्थना करणारा माणूस असं करणार नाही, अशी मी माझ्याच मनाची समजूत घातली, आणि दोन वर्षं गप्प बसले. त्या दोन वर्षांत ज्या बायकांना मदत मिळायला हवी होती ती मिळाली नाही. त्यांच्यातल्या एकीने नंतर मला एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" अजूनही रात्री-अपरात्री हा प्रश्न मला उठवतो. तुमच्या गटातली माणसं नेत्याच्या तोंडच्या देवाच्या नावाने भारावतात, तेव्हा मी त्यांना हसू शकत नाही. मीही तशीच भारावले होते.

आता नहेम्या. खचलेल्या देशासाठी शास्त्रात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. इ.स.पू. 445च्या सुमारास तो सुभेदार म्हणून यरुशलेमात आला आणि 52 दिवसांत तट उभा राहिला, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण उपदेशात पाचव्या अध्यायाचं नाव क्वचित निघतं, आणि सगळं नेतृत्व तर तिथेच आहे. तटाचं काम ऐन भरात असताना गरीब बायकापुरुष आरडाओरडा करत आले. शत्रूविरुद्ध नाही, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध. दुष्काळात धान्यासाठी शेतं, घरं गहाण पडली होती. राजाचा कर भरायला कर्ज काढलं होतं. पोटच्या मुली दासी म्हणून द्याव्या लागल्या होत्या, आणि सोडवायला हातात काही नव्हतं. बाहेरच्या संकटाच्या नावाखाली आतले सरदार टाळूवरचं लोणी खात होते. कुंपणच शेत खात होतं.

नहेम्या संतापला. मग, तो लिहितो, त्याने आपल्या मनाशी विचार केला. राग आला तरी तोंड उघडण्याआधी तो थांबला. आणि नंतर सरदारांना एकांतात समजावलं नाही, मोठी सभा भरवून विचारलं. तट अर्धवट आहे, शत्रू टपलाय, आत्ता घरातलं उणंदुणं नको, असं तो म्हणाला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अडचणीतल्या प्रत्येक देशात नेमकं हेच ऐकू येतं की आत्ता प्रश्न विचारायची वेळ नाही. त्या सभेत तो आणखी एक गोष्ट बोलला. मी, माझे भाऊ आणि माझी माणसंही लोकांना पैसा आणि धान्य उसनं देत आहोत. हे व्याज आपण सोडून देऊ या. दोष दाखवताना त्याने स्वतःला बाहेर ठेवलं नाही. शेतं आजच्या आज परत करा, मळे परत करा, घरं परत करा, व्याज म्हणून घेतलेला शंभरावा हिस्सा परत करा. सरदारांनी हो म्हटलं, तेवढ्यावर तो थांबला नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली, आणि आपल्या वस्त्राचा घोळ झटकून दाखवला: शब्द मोडेल त्याला देव असाच झटकून टाको.

त्याच अध्यायात पुढे त्याचा स्वतःचा हिशेब येतो. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल रुपं घेत. त्यांचे नोकरसुद्धा लोकांवर धनीपण गाजवत. नहेम्याने 12 वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. त्याच्या पंगतीला 150 माणसं असत, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं लागत, ते सगळं त्याने स्वतःच्या पदराला खार लावून केलं. जमीनही विकत घेतली नाही, आणि तेव्हा जमिनी मातीमोल झाल्या होत्या हे ध्यानात घ्या. कारण काय देतो? देवाचं भय, आणि लोकांवर आधीच असलेला भार. त्याच्या लेखी देवाचं भय म्हणजे हक्काचं असूनही न घेणं.

तुमच्या सोळा वर्षांच्या प्रार्थनेबद्दल मी काही हातचं राखून लिहिणार नाही. नहेम्याही प्रार्थना करणारा माणूस. यरुशलेमची बातमी त्याला किस्लेव महिन्यात कळली, राजाशी तो निसान महिन्यात बोलला. मधले जवळजवळ चार महिने उपास आणि प्रार्थना. त्या प्रार्थनेत "त्यांनी पाप केलं" असं कुठे नाही. मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं, असं तो म्हणतो. तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनांत "ते" किती वेळा येतात आणि "आम्ही" किती वेळा, ते एकदा मोजून बघा. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातलं, माझे लोक नम्र होऊन आपल्या दुष्ट मार्गांपासून फिरतील तर मी त्यांच्या देशाला बरं करीन, हे वचन देशासाठी प्रार्थना करणारे सगळेच म्हणतात. पण त्यात फिरायला सांगितलंय ते प्रार्थना करणाऱ्यांना. आपण ते शेजाऱ्याकडे बोट करून म्हणतो.

आणि त्या चार महिन्यांत नुसती प्रार्थना झाली नव्हती. राजाने "काय हवं?" असं विचारताच नहेम्याकडे मुदत तयार होती, कोणत्या सुभेदारांना पत्रं लागतील ते तयार होतं, तुळयांसाठी लाकूड कुणाकडून मागायचं ते ठरलेलं होतं. यरुशलेमात पोचल्यावर तीन दिवस तो काही बोलला नाही. मग एका रात्री थोडी माणसं आणि एकच जनावर घेऊन निघाला. खोरेवेशीने बाहेर पडला, उकिरडावेशीकडे गेला, जळलेल्या वेशी आणि पडका तट बघत. राजाच्या तळ्यापाशी मलबा इतका की जनावराला पुढे पाय टाकायला जागा नव्हती. पुढचं त्याने तसंच, नाल्याच्या कडेने जाऊन पाहिलं. भाषण नाही, घोषणा नाही. ज्याला मोडलेलं जोडायचंय, त्याने आधी मोडलेलं अंधारात, गाजावाजा न करता, नीट पाहावं लागतं. तुमच्या गटाने असं कधी पाहिलंय का? कुठल्या कचेरीत गरिबाचा कागद कशापायी अडतो, कुठल्या निधीचं पुढे काय झालं, हे तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल? नसेल, तर तुम्ही धुक्यावर प्रार्थना करताय. शत्रू चालून येणार असं कळलं तेव्हा त्या लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. शास्त्रात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. तुमच्या मुलाने, मला वाटतं, पहारा ठेवणाऱ्याचंच काम केलंय. सोळा वर्षांत प्रार्थनेच्या जोडीला पहारा कुठे होता, एवढंच तो विचारतोय.

आता सचिवपद. शास्ते पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेली झाडांची गोष्ट आहे. झाडं राजा शोधायला निघाली. जैतुनाला विचारलं, तो म्हणाला, मी माझं तेल सोडून झाडांवर डोलत राहू? अंजीर म्हणाला, माझी गोडी सोडू? द्राक्षवेल म्हणाली, माझा रस सोडू? शेवटी काटेरी झुडपाला विचारलं. ते लगेच तयार झालं आणि म्हणालं, या, माझ्या सावलीत आसरा घ्या. काटेरी झुडपाची सावली! ज्याच्याकडे द्यायला काही नसतं, त्याची आश्वासनं सगळ्यात मोठी. आणि आला नाहीत तर माझ्यातून आग निघेल, ही धमकी त्याच वाक्यात. ही गोष्ट योथामाने शखेमकरांना ऐकवली, कारण स्वतःच्या सत्तर भावांचा जीव घेणाऱ्या अबीमलेखाला त्यांनी राजा केलं होतं. दोष निवडणाऱ्यांचा आहे, हे खरंच. पण मला दरवेळी त्या तीन भल्या झाडांचाही विचार येतो. त्यांचं उत्तर खोटं नव्हतं, तेल, गोडी, रस या मोलाच्याच गोष्टी. तरी ती तिघं आपापल्या जागी राहिली आणि जागा काट्यांना मिळाली. सगळ्यांनीच पद घ्यावं असं मी म्हणणार नाही. काहींचं देणं वेगळं असतं. पण "चिखलात उतरायचं नाही" हे तुमचं कारण जैतुनाच्या कारणाइतकंही भक्कम नाही, भाऊ. तिथे विधवा-निधीची वही असेल तर त्या पानावर कुणीतरी बोट फिरवायला हवं. मी वेळेवर बोलले नाही. तुम्ही बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

देश फार मोठा आहे, तुमच्या हाताला येणारी भिंत लहान आहे. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात, नुसती नावांची यादी म्हणून आपण जे पान उलटतो तिथे, सोनार आहे, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, शल्लूम नावाचा एक अंमलदार आपल्या मुलींसह तट बांधतोय. पुन्हा पुन्हा लिहिलंय की अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. तकोव गावच्या लोकांच्या सरदारांनी मान वाकवली नाही, तेही नोंदवलंय. आणि त्याच तकोवकरांनी, सरदार नसतानाही, आपला भाग संपवून दुसरा एक भाग बांधला, हेही नोंदवलंय. वरचे लोक नालायक निघाले म्हणून त्यांनी हत्यारं खाली ठेवली नाहीत.

एक सावधगिरी मात्र ठेवा. चांगल्या नेत्यावरही विश्वास टाकायची हद्द असते. 12 वर्षांनी नहेम्या राजाकडे परत गेला, आणि पुन्हा आला तेव्हा ज्या तोबीयाने तटाला अडथळे आणले होते, त्यालाच मंदिराच्या अंगणात खोली मिळालेली. मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांचा वाटा थकलेला, ते पोटासाठी आपापल्या शेतांवर निघून गेलेले. आणि परक्या लोकांतल्या बायका केलेल्यांवर तर नहेम्या इतका भडकला की त्याने काहींना मारलं, केस उपटले. शास्त्र तेही लपवत नाही, आणि मला तो प्रकार अनुकरणाचा वाटत नाही. खचलेल्या देशाला एक माणूस सावरील, ही आशा नहेम्यासारख्या माणसाबाबतही पुरली नाही. म्हणून माझा विश्वास त्या एकाच राजावर आहे, जो सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आणि आपला प्राण द्यायला आला, ज्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. बाकीच्या सगळ्यांना मी त्याच्या मापाने मोजते, आणि ते कमी भरले तरी माझा धीर सुटत नाही.

येत्या शुक्रवारी असं करून बघा. वादाला जागाच ठेवू नका. बहात्तरावं स्तोत्र उघडा. ती राजासाठीचीच प्रार्थना आहे, आणि तिच्यात राजाने दीनांचा न्याय करावा, कंगालाच्या लेकरांना तारावं, जुलूम करणाऱ्याला चिरडावं, हे मागितलंय. आत्ताच्या नेत्याचं नाव घेऊन ती दोन्ही बाजूंनी एकत्र म्हणा. त्याला देवदूत म्हणणाऱ्यांना ती जड जाईल, त्याला शाप मानणाऱ्यांनाही जड जाईल. मग शमुवेलाचं ते "घेईल, घेईल" मोठ्याने वाचा, आणि शेवटी एक पाच मिनिटं शांत बसून प्रत्येकाने स्वतःला विचारावं, मी कुणाचं काय घेतलंय? कमिशन, रजा, श्रेय, मोलकरणीच्या पगारातली दिरंगाई. उत्तर मोठ्याने सांगायची सक्ती नको. परत मात्र करायचं.

आणि सचिवपद घेतलंत, तर पहिल्या सभेच्या आधी जुन्या सगळ्या वह्या ताब्यात घ्या. पैसा एकट्याच्या हाती ठेवू नका. नहेम्यानेही कोठारावर एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या हाताखाली आणखी एक, असे चौघे नेमले होते, विश्वासू म्हणून नाव असलेले. करिंथकरांनी वर्गणी जमवली तेव्हा पौलानेही ती एकट्याने नेली नाही. प्रभूच्या दृष्टीने नीट असेल तेवढं पुरे नाही, माणसांच्या दृष्टीनेही नीट दिसलं पाहिजे, असं त्याने लिहून ठेवलंय. तुमच्या घरातच हिशेब तपासनीस आहे. त्याला मंडळीत या म्हणून विनवू नका. सचिवाच्या मुलाने हिशेब पास करणंही बरोबर नाही, ते तो स्वतःच तुम्हाला सांगेल. पण जेवणं झाली की त्या जुन्या वह्या त्याच टेबलावर ठेवा, जिथे तो तुम्हाला ते वाक्य बोलला होता, आणि त्याला विचारा, बाळा, यात कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं कसं, मला शिकवशील का?